सात रात्री, सात बेत

पैसे अपुरे पडत असताना संसार कसा रेटावा, याविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. शिळ्या पोळीचे पाच प्रकार, दुधीच्या सालींची चटणी, उरलेल्या आमटीची थालीपिठे, असले लेख कापून डब्यात जपून ठेवणाऱ्या आईच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले. पण हात मोकळा असताना काय करावे? मुलगा आणि सून दोघेही मिळवती आहेत, फ्रीजमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याचे दिवस मागे पडले आहेत, अशा घरात रोज रात्री पानात काय वाढावे, हे मात्र कोणी सांगत नाही. पैसे असले म्हणजे हा प्रश्न उरतच नाही, अशी सर्वांची समजूत असावी.

माझे मत नेमके उलटे आहे. ओढाताणीच्या घरात बेत ठरवणे सोपे असते, कारण निम्मा बेत बाजारच ठरवून देतो. मेथी स्वस्त झाली की मेथी, गवार उतरली की गवार. हात मोकळा झाला, की असे ठरवून देणारे कोणी राहत नाही. मग जीभ आणि आळस ही दोघे मिळून कारभार पाहू लागतात.

हे नुसते बोलणे नव्हे, याला लेखी पुरावा आहे. गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ संपल्यावर मी एक उद्योग केला. नातवाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि चार आठवडे रोज रात्री घरात काय जेवलो ते लिहून ठेवले. कुणाला सांगितले नाही, नाहीतर सगळे सावध झाले असते! महिन्याअखेर बेरीज मांडली. २८ रात्रींपैकी ९ रात्री पनीर. ६ रात्री बाहेरून मागवलेले. ४ रात्री छोले किंवा राजमा, ४ रात्री बटाटा, ३ रात्री भेंडी. पालेभाजी अवघी दोनदा. आमचे घर मूळचे मासळी खाणारे, पण मासळी एकदाही नाही. पनीर, छोले आणि राजमा हे वहीत वेगळे दिसले, तरी कढईत त्यांचे कूळ एकच होते : कांदा-टोमॅटोचे वाटण, वर गरम मसाला. म्हणजे १३ रात्री आम्ही एकच रस्सा खाल्ला. फक्त त्यात बुडालेली वस्तू बदलत होती.

वहीत आणखी एक रकाना होता. घरातली सहाही माणसे एकत्र पानावर बसली, अशा रात्री किती? २८ पैकी ५. ज्याला त्याला आपापल्या आवडीचे मिळू लागले, की एका वेळी बसायचे कारणच राहत नाही. नातवाचा डबा दारात साडेसातला येतो, नातीचा साडेआठला, आणि आमचे वरणभाताचे पान नऊला.

पूर्वी सगळे फार छान होते, असे मात्र मी म्हणणार नाही. माझा जन्म १९५३ सालचा, गिरगावातल्या चाळीतला. दोन खोल्या, सात माणसे आणि वडील कारकून. आमच्या आधीच्या पिढीने १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालेले पाहिले होते. मी शाळेत असताना १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा सोमवारी रात्री आमच्या मजल्यावर स्टोव्हचा आवाज येत नसे. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्याही मी थापल्या आहेत. त्या काळी पानात फरक होता तो ऋतूने आणि टंचाईने पाडलेला. त्यात कुणाची हौस नव्हती. आणि तो फरक सर्वांत शेवटी, भांडी खरवडून, आईच्या वाट्याला येई. तेव्हा त्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत मी नाही. पण एक गोष्ट त्या टंचाईत होती, ती आपण टंचाईबरोबर टाकून दिली. ती म्हणजे 'आज हे नाही' असे सांगणारा एक नियम.

वहीचे आकडे मी सूनबाईंना दाखवले. सूनबाई नागपूरच्या. नोकरी मुंबईत, घर ठाण्याला. सात-पंचेचाळीसच्या सुमारास घरी पोहोचायच्या, तेव्हा खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत कुणीतरी विचारायचेच, 'आज काय आहे?' त्याआधी दुपारी चार वाजता स्वयंपाकाच्या मावशींचा फोनवर निरोप येई, 'काय करू?' तो निरोप बरोबर कचेरीतल्या बैठकीच्या मध्यावर यायचा. मग टेबलाखाली फोन धरून उत्तर लिहिले जायचे, 'पनीर'. ९ रात्रींचा उगम हा असा होता.

आकडे पाहून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही हो. मावशी आहेत, तुम्ही आहात, मीही करते. मला ठरवण्याचा कंटाळा आलाय. रोज, तीनशे पासष्ट दिवस, मीच का ठरवायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पन्नास वर्षे संसार करून मला हे ठाऊक आहे, की भाजी चिरण्याला, कणीक मळण्याला, भांडी घासण्याला माणूस मिळतो. ठरवण्याला मिळत नाही. ते काम कुणाला दिसतही नाही. माझ्या लग्नात कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'च्या दोन प्रती आहेरात आल्या होत्या. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने आमच्या पिढीला हात धरून शिकवले. पण कसे करावे ते पुस्तक सांगेल. आज काय करावे, हे कोण सांगणार?

सहा माणसे घरची आणि सातव्या मावशी. आठवड्याच्या रात्रीही सात. हा हिशेब नातीच्या लक्षात आला. ज्याची रात्र, त्याने बेत सांगायचा. रविवारी सकाळच्या चहाला सर्वांनी आपापला पदार्थ वहीत लिहायचा आणि मग त्यात फेरफार नाही. करायचे कुणी, हा प्रश्न वेगळा. तो मावशी, सूनबाई आणि मी मिळून सोडवतो, चिरंजीवही आता कुकर लावतात. नियम फक्त दोन. एकदा केलेला पदार्थ पंधरवड्यात पुन्हा नाही, आणि लागोपाठ दोन रात्री एकाच वाटणाचा रस्सा नाही. दुसरा नियम माझा. पहिल्यापेक्षा तो अधिक महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे. भाजी बदलली म्हणून जेवण बदलत नाही. रस बदलला तर बदलते.

आणि रस बदलायचा, तर आधी त्याचे आंबट बदलावे. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, पण वापरून पाहावी अशी आहे. आपल्या शहरी स्वयंपाकघरात टोमॅटोने सगळी आंबट बिऱ्हाडे उठवून लावली आहेत. हा पाहुणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. माझी आजी त्याला बेलवांगी म्हणे आणि सोवळ्याच्या स्वयंपाकात घेत नसे. आता तो आमटीत आहे, उसळीत आहे, भाजीत आहे, अंड्याच्या पोळीतही आहे. त्याच्याशी माझे वैर नाही. नारळाचे दूध घालून केलेले टोमॅटोचे सार मला फार आवडते. पण आठवड्यातून त्याला दोन रात्री पुष्कळ झाल्या. उरलेल्या पाच रात्रींसाठी चिंच आहे, तिच्याबरोबर गूळ आणि गोडा मसाला आला की तुरीची आमटी देशावरची होते. आमसूल आहे, ते घातले की तीच डाळ कोकणात उतरते. ताक आहे : चाकवत ताकात शिजवून त्यात डाळ-दाणे घालून लसणीची फोडणी दिली, तर दुसरे तोंडीलावणे लागत नाही. अंबाडी आहे, सूनबाईंच्या माहेरी तिची भाजी तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या घालून करतात आणि वरून लसणीचे कडकडीत तेल घेतात. उन्हाळ्यात कैरी आहे. दारात झाड असेल त्या भाग्यवंतांना बिंबले आहेत. आणि लिंबू तर कुठल्याही घरात असतेच. नातीने या सगळ्यांची नावे एका कागदावर लिहून तो फ्रीजच्या दारावर डकवला आहे. मंगळवारची रात्र तिची असते. ती पदार्थ निवडत नाही, आंबट निवडते आणि मग त्याला शोभेल तो पदार्थ शोधते. मध्यंतरी तिने मैत्रिणीच्या आईला विचारून गोव्याचे खतखते घडवून आणले. ही मंडळी मडगावची. पाच-सहा भाज्या, तुरीची डाळ, ओला नारळ, आमसूल, गूळ आणि ठेचलेली तिरफळे. तिरफळाचा वास नातवाला औषधासारखा वाटला. बाकीच्यांनी पातेले पुसून खाल्ले.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो, कुठलेही आंबट डाळ-कडधान्य पुरते शिजल्यावरच घालावे. आधी घातले, तर दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो. आणि ताक उकळायचे असेल, तर त्याला थोडे बेसन लावून सतत ढवळावे, म्हणजे ते फाटत नाही.

सोमवारची रात्र माझी, आणि ती मी कडधान्याला दिली आहे. पुष्कळांना वाटते, कडधान्य म्हणजे मटकी नाहीतर मूग. मी वहीत मोजून लिहिले आहे : मूग, मटकी, मसूर, चवळी, वाल, पावटे, हरभरे, काबुली चणे, हिरवे वाटाणे, पांढरे वाटाणे, कुळीथ, राजमा, घेवडा. तेरा झाले. दर सोमवारी एक घेतले, तर तेरा आठवडे, म्हणजे तीन महिने, एकाची पुनरावृत्ती होत नाही. आणि मूग तीन महिन्यांनी पुन्हा आले, तेव्हा त्यांची उसळ करण्याऐवजी नारळाच्या रसातले मुगागाठी करावे. कोण ओळखणार आहे?

पण कडधान्याच्या बेताला पैशाची नव्हे, घड्याळाची श्रीमंती लागते. सोमवारी रात्री वालाचे बिरडे हवे, तर शनिवारी रात्रीच वाल भिजले पाहिजेत. रविवारी सकाळी ते फडक्यात बांधायचे, सोमवारी मोड आले की कोमट पाण्यात घालून सोलायचे. हे सोलणे मोठे काम. पण टीव्हीसमोर बसलेल्या सर्व हातांपुढे एकेक वाटी ठेवली, तर अर्ध्या तासात होते. मुगाला एवढे लागत नाही, रविवारी सकाळी भिजवले तरी चालतात. राजमा, हरभरे आदल्या रात्री. बेत आधी लिहिण्याचा खरा फायदा इथे आहे. संध्याकाळी सहा वाजता 'आज काय' म्हणून डोके खाजवत बसणाऱ्या घरात वालाचे बिरडे कधीच होऊ शकत नाही. त्या घरात पनीरच होणार, कारण पनीर भिजवावे लागत नाही.

बुधवार चिरंजीवांचा, आणि त्यांनी मासळी परत आणली. इथेही पैशाचा तोच खेळ दिसला. हात मोकळा असला की माणूस डोळे झाकून सुरमई आणि पापलेट घेतो. काटा कमी, भाव जास्त, मान मोठा. पण बाजारातल्या कोळणीच्या पाटीत त्या दोघांशिवाय मांदेली असतात, ओले बोंबील असतात, बांगडे, मुडदुशा, तिसऱ्या असतात आणि काट्यांनी भरलेली पण चवीला राणी अशी करली असते. आमच्या कोळीणबाईंना आता चिरंजीव नुसते विचारतात, "आज ताजं काय?" आणि जे ती देईल ते घेतात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा हंगाम. त्या दोन महिन्यांत बर्फातली महाग मासळी शोधत फिरण्यापेक्षा आम्ही सुके काढले : सोड्यांची खिचडी, सुकटीची चटणी, बोंबलाचे कालवण. नारळी पौर्णिमेनंतर पहिली ताजी मांदेली आली, तेव्हा पानावर जो उत्साह होता, तो वर्षभर सुरमई खाऊन येत नाही.

गुरुवारची हकीकत मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे. तो वार मावशींचा. त्या सोलापूर जिल्ह्यातल्या. आमच्याकडे चार वर्षे येतात. चार वर्षे आम्ही त्यांना काय करायचे ते सांगत होतो आणि त्या करत होत्या. 'तुम्ही सांगा' असे म्हटल्यावर त्या पहिल्या गुरुवारी अवघडल्या. दुसऱ्या गुरुवारीही त्यांनी 'पनीर करू का?' असेच विचारले. तिसऱ्यांदा मी विचारले, "मावशी, तुमच्या घरी काल काय केलं होतं?"

"शेंगोळे केले व्हते, आजी. हुलग्याच्या पिठाचे. पर ते गरिबाचं खाणं हाय, तुमच्या पोरांस्नी कुठलं आवडायचं?"

हुलगे म्हणजे आपले कुळीथ. त्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, तिखट घालून घट्ट मळायचे, हातावर लांब वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पाणी पिठाने दाट होते आणि त्याच रसाबरोबर ते गरमागरम खायचे. थंडीचे दिवस होते. नातू दोनदा मागून घेऊन म्हणाला, "हे हॉटेलात का मिळत नाही?" मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही उत्तर दिले नाही. पण पुढच्या गुरुवारी कुणी न विचारता त्यांनी वहीत लिहायला सांगितले : ज्वारीची भाकरी, शेंगाभाजी, दाण्याची चटणी. तेव्हापासून त्यांच्या रात्री एक रिवाज आहे. पानात वाढण्याआधी त्या स्वतःच्या घरचा डबा भरतात. गुरुवारी काम वाढते म्हणून त्या दिवसाचे पैसेही आम्ही वेगळे धरतो. नाहीतर आवड आमची आणि कष्ट त्यांचे, असे व्हायचे.

त्या भाकरीने एक गंमत दाखवली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हापासून ज्वारी-बाजरी-नाचणीला शहरात फारच भाव आला आहे. आमच्या दुकानात ज्वारी आता गव्हापेक्षा महाग मिळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. मावशी ते ऐकून म्हणाल्या, "आमी ती सोडून गव्हाच्या चपात्या खाया लागलो, तवा तुमी ती धरली व्हय!" मी काय बोलणार?

आता पैसे खर्च करायचेच, तर ते कुठे करावे? मला विचाराल, तर पदार्थांच्या संख्येवर नको, जिनसांच्या गुणावर करावेत. परदेशी फळभाज्यांची टोपली आणण्यापेक्षा घरात तीन प्रकारचा तांदूळ ठेवावा : रोजचा एक, वरणभातासाठी आंबेमोहोर, आणि सणावारी आजऱ्याचा घनसाळ. भरिताच्या दिवशी जळगावकडचे हिरवे, मोठे वांगे शोधून आणावे. त्याचे भरीत आणि कुठल्याही जांभळ्या वांग्याचे भरीत यांत फार अंतर आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, ही नावे आता दुकानात मागता येतात. मसाला तीन-तीन महिन्यांनी थोडा थोडा ताजा कुटून घ्यावा. या सगळ्याला दोन पैसे जास्त पडतात, पण ते पानात दिसतात. बाहेरून आलेल्या एका रात्रीच्या सहा डब्यांच्या पैशात महिन्याचा उत्तम तांदूळ येतो, हा हिशेब चिरंजीवांनी मांडला, मी नव्हे.

ऋतूचाही पाहुणचार करावा. ज्यांचे उपासतापासाशी पटत नाही, त्यांनीही पंचांगाकडे एकदा स्वयंपाक्याच्या नजरेने पाहावे. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही. म्हणून वाफेवरची पुरणाची दिंडे निघाली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. म्हणून परसातल्या दहा-बारा भाज्यांची एक भाजी झाली. चातुर्मासात कांदा-वांगे बंद, म्हणून आधी कांदेनवमीला भज्यांची चैन, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला नव्या वांग्याचे भरीत. भोगीला बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगांची मिसळलेली भाजी. कुणीतरी वर्षाचा बेत आधीच लिहून ठेवला होता, आणि त्यात 'आज हे नाही' अशा जागा मुद्दाम सोडल्या होत्या. त्या जागांतूनच नवे पदार्थ उगवले. शिवाय पावसाच्या तोंडाशी आमच्या ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बाया शेवळे घेऊन बसतात, शेजारी काकडांची आंबट फळे असतात. ती घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. पहिला पाऊस झाला की टाकळा येतो, मागोमाग कुर्डू आणि भारंगी. या भाज्या महिना-दीड महिन्यात निघून जातात. पैशाने त्या जानेवारीत मिळत नाहीत, हे किती बरे आहे!

शुक्रवार सूनबाईंचा. त्यांचे गोळाभात आणि पाटवडीचा रस्सा आमच्याकडे आता जावयासारखे मानाने येतात. एखाद्या शुक्रवारी त्या वहीत 'मुगाची खिचडी, पापड' एवढेच लिहितात आणि त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक आहे. शनिवार नातवाचा. त्याला बाहेरून मागवायची मुभा आहे; ज्याला बाहेरचे हवे, त्याने आपली रात्र त्यात खर्चावी. पंधरवड्याचा नियम मात्र पिझ्झ्यालाही लागू, त्यामुळे एकाआड एक शनिवारी त्याला डोके चालवावे लागते. मागच्या खेपेला त्याने शेजारच्या इंदूरच्या आजींना गाठून भुट्ट्याचा किस करून आणवला. अकरा वर्षांच्या मुलाची ही मुत्सद्देगिरी!

वहीतला एकत्र बसण्याचा रकाना मी अजून भरते. परवाच्या चार आठवड्यांत १७ रात्री सहाही माणसे पानावर होती. सगळ्या २८ कधी होतील, असे मला वाटत नाही. चिरंजीवांची गाडी उशिरा येते, नातीचे वर्ग असतात. दुपारी चारचा निरोप मात्र बंद झाला. सूनबाई आता दारातून आत येतात, त्या आधी वास घेतात आणि मग पिशवी ठेवतात.

राहिला रविवार. तो ह्यांचा. आयुष्यभर ह्यांना जेवणाबद्दल विचारले, की उत्तर ठरलेले : "काहीही चालेल." ऐकणाऱ्याला वाटावे, किती साधा माणूस! पण 'काहीही' नावाची भाजी अजून कुठल्या बाजारात आलेली नाही, आणि ती शोधून आणण्याचे काम आजवर दुसऱ्याच कुणाला करावे लागे. नव्या व्यवस्थेत 'काहीही' हा शब्द वहीत लिहायला बंदी आहे. पहिले दोन रविवार हे विचार करत बसले. तिसऱ्या रविवारी लिहिले : 'ताकभात, मेतकूट, भाजलेला पोह्याचा पापड, लिंबाचे लोणचे.' दुपारी जड जेवलेल्या माणसांना रात्री याहून चांगले काय हवे? हळूहळू कुळथाचे पिठले आले, तांदळाची उकड आली. एकदा तर ह्यांनी लिहिले, 'आईची पातोळी', आणि ती कशी करतात हे ह्यांना, मला, कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी ह्यांनी धाकट्या आत्यांना फोन केला. त्या ८८ वर्षांच्या. पाऊण तास दोघे बोलत होते, त्यातले पातोळीबद्दल जेमतेम पाच मिनिटे. मग हे स्वतः उठून डाळ भिजत घालायला गेले.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा घरोघर चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असतील. फराळाच्या दिवसांत रात्री पोटाला हलके आणि जिभेला आंबट-तिखट हवे; आमच्या वहीत त्या आठवड्यासाठी सोमवारी कुळथाचे कळण, मंगळवारी कढी-खिचडी, बुधवारी बांगड्याचे तिखले, गुरुवारी ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एवढे लिहून झाले आहे. सूनबाईंनी शुक्रवारपुढे नुसती एक रेघ मारली आहे, म्हणजे खिचडीच दिसते. नातवाचा विचार चालू आहे. आणि रविवारच्या रकान्यात ह्यांनी काहीतरी लिहून त्यावर कागद चिकटवला आहे, विचारले, तर म्हणतात, "डाळ-तांदूळ आहेत ना घरात? मग झालं."